फ्लॉसभाऊ, तुमचा नंबर चौथा

मु. पो. कुडवा,
ता. जि. गोंदिया

प्रिय फ्लॉसभाऊ,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या कुडव्यात हल्ली तुमच्यावरून तट पडले आहेत. दाढ ठणकल्यावर गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलेली मंडळी सांगतात, ‘नुसत्या ब्रशनं भागत नाही, दातांमधून दोरा फिरवा म्हणाले.’ मोबाइलवर वाचणारी पोरं म्हणतात, ‘काही उपयोग नाही त्याचा, अमेरिकेच्या सरकारनंच तो सल्ला काढून टाकला.’ आणि पानठेल्यावर उभा असलेला तिसरा तट, जो संख्येनं सगळ्यात मोठा, तो खर्रा घोटता घोटता विचारतो, ‘दातात दोरा? कायले बाप्पा?’

तुमच्या माघारी एवढं बोललं जातं, तर एकदा तुमच्या तोंडावर बोलावं म्हणून हे अनावृत पत्र.

निवाडा आधीच सांगून टाकतो. तुम्ही कामाचे आहात. पण जाहिरातीत सांगतात तितके नाही, कुणाच्याही हातात नाही, आणि कुडव्याच्या तोंडात तर पहिल्या नंबरावर मुळीच नाही. तुमचा नंबर चौथा. पहिले तीन कोण, आणि चौथे असूनही तुम्हाला घरात का घ्यावं, ते लिहितो. रागावू नका.

दोरा आम्हाला नवा नाही. गोंदिया म्हटलं की बाहेरच्या माणसाला राइस मिल आठवतात, पण या जिल्ह्याची दुसरी ओळख विडीची. मनोहरभाई पटेलांसारख्या उद्योजकांनी इथल्या तेंदूपत्त्यावर मोठा धंदा उभा केला आणि तो धंदा घराघरांतल्या बायकांच्या बोटांवर चालला. पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दुमडायचं आणि दोऱ्यानं बांधायचं. मजुरी हजार विड्यांमागे. म्हणजे बोटांत बारीक दोरा ताणून धरण्याचं कसब या भागातल्या कितीतरी बायांना तुम्ही यायच्या आधीपासून आहे. फरक एवढाच की त्या दोऱ्यानं आम्ही तंबाखू बांधली, आणि आता तुम्ही तोंड साफ करायला दोरा घ्या म्हणता. हा हिशेब पुढे काढावाच लागणार आहे, कारण तंबाखूला वगळून आमच्या दातांबद्दल बोलताच येत नाही.

तुमची कुळकथा मी वाचली आहे. लेवी स्पिअर पार्मली नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १८१९ साली दातांची निगा राखण्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यात मेण लावलेला रेशमी धागा दातांमधून फिरवायला सांगितलं. बाजारात विकण्यासाठी तुम्ही तयार व्हायला लागलात ते १८८२ पासून, मॅसॅच्युसेट्समधल्या कॉडमन अँड शर्टलेफ कंपनीत. १८९८ साली जॉन्सन अँड जॉन्सननं तुमचं पेटंट घेतलं. जखमा शिवायचा रेशमी धागा त्यांच्याकडे होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशीम महागलं आणि चार्ल्स बास या डॉक्टरांनी तुम्हाला नायलॉनचं केलं. ब्रश हिरडीशी तिरपा, पंचेचाळीस अंशांत धरून हलक्या हातानं हलवायची जी पद्धत आज डॉक्टर शिकवतात, तीही याच बासच्या नावानं ओळखली जाते.

आमच्याकडेही काही अंधार नव्हता. कडुनिंबाचं, बाभळीचं, करंजाचं दातवण होतं, राखुंडी होती, मीठ-तेल होतं. १९५२ साली केशव विष्णू पेंढरकरांनी ‘विको’ काढली आणि वज्रदंतीची पावडर दारोदार फिरून विकली. जुन्या घरांत चांदीचं दातकोरणं आणि कानकोरणं एकाच कडीत अडकवलेलं असायचं. पण फ्लॉसभाऊ, या सगळ्या साधनांत दातांच्या फटीची आठवण व्हायची ती काहीतरी अडकल्यावर. सावजी मटणाचा धागा अडकला, आंब्याच्या कोयीचा केस अडकला, सुपारीचं खांड रुतलं, की काडी शोधायची. निघालं की विषय संपला. तुम्हाला विकत घेणारेही बहुतेक जण तुमच्याकडून हेच काम करून घेतात. लग्नातल्या जेवणानंतर एकदा काढायचं आणि पुढच्या लग्नापर्यंत कपाटात टाकायचं.

तुमचं खरं काम ते नाहीच. अडकलेला घास डोळ्यांना दिसतो, जिभेला टोचतो, म्हणून तो काढला जातोच. ज्याच्यासाठी तुम्ही आहात, तो थर टोचतही नाही आणि दिसतही नाही.

दाताच्या पाच बाजू मोजता येतात. ओठांकडची, जिभेकडची, चावायची, आणि शेजारच्या दातांना लागून असलेल्या दोन. ब्रशचे केस पहिल्या तिन्हींवर नीट चालतात. उरलेल्या दोन बाजूंच्या आत ते पुरेसे शिरत नाहीत. आमच्याकडे तलाव पुष्कळ; घाटाच्या पायऱ्या खराट्यानं घासल्या की वरची काई निघते, पण दोन दगडांच्या सांध्यातली तशीच राहते. दातांवरही अशीच जिवाणूंची काई चढते, तिला डॉक्टर प्लाक म्हणतात. ती चिकट असते. चूळ भरून घास निघतो, ती निघत नाही. तिच्यातले जिवाणू आपल्या खाण्यातली साखर खाऊन आम्ल सोडतात आणि त्या आम्लानं दाताचं वरचं कठीण कवच विरघळत जातं. यालाच आपण कीड लागली म्हणतो. दातात अळी कधीच नसते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तळहातावर ‘किडा’ काढून दाखवणारे वैदू अजून कुणाला आठवत असतील. तो किडा दातातून आलेला नसायचा.

हिरडीचं काय होतं, ते १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार साध्या प्रयोगानं दाखवलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात साफ करणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला सुरुवात केल्यावर सगळ्यांच्या बऱ्या झाल्या. म्हणजे हिरडी सुजवणारा तो थर, आणि तो काढला की सुरुवातीची सूज उतरते, हे तेव्हाच सिद्ध झालं. थर तसाच राहिला तर त्याचं कीटण होतं, सूज हिरडीखाली उतरते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि एक दिवस न किडलेला, धडधाकट दिसणारा दात हलायला लागतो. आपल्या गावात म्हातारपणी गेलेले कितीतरी दात किडीनं नाही, अशा हिरड्यांनी गेले आहेत. मग आपण म्हणतो, ‘वय झालं.’

एवढ्यावरून कुणालाही वाटेल की फटीत काई साचते, दोरा फटीत जातो, म्हणजे तुमचा उपयोग उघड आहे. पण उघड वाटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे, आणि तुमची अडचण नेमकी तिथंच झाली.

ऑगस्ट २०१६ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं तुमच्यावर मोठी बातमी केली. अमेरिकेचं सरकार १९७९ पासून रोज दोरा वापरा असं सांगत आलं होतं. याला पुरावा काय, असं बातमीदारानं तिथल्या माहितीच्या कायद्याखाली विचारलं. त्यानंतर आहाराविषयीची सरकारी मार्गदर्शिका आली, तर तिच्यातून तुमचं नाव गायब. वृत्तसंस्थेनं २५ अभ्यास तपासले आणि म्हटलं, पुरावा कमकुवत आहे, बेभरवशाचा आहे. आमच्या पोरांच्या मोबाइलवर फिरतं ते हेच. सरकारनं नंतर सांगितलं की ही मार्गदर्शिका खाण्यापिण्याविषयी आहे, दोरा निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ काढू नका. पण खुलासा बातमीइतका पळत नाही. त्याच २०१६ साली आमच्या गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिकडे तुमच्यावर बालंट आलं आणि इकडे आमची डॉक्टर घडवण्याची सोय झाली.

तर मग पुरावा आहे तरी किती? जगभरचे अभ्यास एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१९ साली दातांच्या फटी साफ करण्याच्या साधनांवरचे ३५ प्रयोग तपासले. माणसं होती ३,९२९. निष्कर्ष असा की ब्रशच्या जोडीला दोरा वापरला तर हिरड्यांची सूज नुसत्या ब्रशपेक्षा थोडी कमी होत असावी. दोऱ्यापेक्षा फटीत घालायचा बारीक ब्रश कदाचित जास्त उपयोगी. पण हे सगळं फार ठामपणे म्हणता येत नाही. आणि फटीतल्या किडीचं? या ३५ प्रयोगांत ती कुणी मोजलीच नव्हती.

तुमच्या बाजूनं बोलायचं तर यात तुमचा दोष कमी आणि प्रयोगांचा जास्त आहे. बहुतेक प्रयोग चालले महिना, तीन महिने, फार तर सहा. दोन दातांमधली कीड डोळ्यांना दिसेल एवढी व्हायला वर्षं लागतात. बरं, कुणी खरोखर रोज दोरा फिरवला हे त्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, आणि दातांच्या डॉक्टरांसमोर या बाबतीत खरं बोलणारी माणसं जगात सगळीकडेच कमी. हजारो लोकांना चार-पाच वर्षं रोज दोरा वापरायला लावून, तेवढ्यांनाच तो वापरू न देऊन, शेवटी दात मोजायचे, तर खर्च कोण करणार? पुरावा नाही याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही. पण उपयोग आहेच असाही होत नाही, हे तुमच्या जाहिरातवाल्यांना तुम्हीच सांगायला हवं.

आता तुमच्याबद्दलची मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. २००६ साली फिलिप हुजोएल या संशोधकानं दोरा आणि कीड यांवरचे सहा प्रयोग एकत्र पाहिले. ४ ते १३ वर्षांची ८०८ मुलं होती. एका प्रकारात प्रशिक्षित माणसानं शाळेच्या प्रत्येक दिवशी मुलांच्या दातांमधून दोरा फिरवला, असं १.७ वर्षं चाललं. त्या मुलांत फटीतली कीड ४० टक्क्यांनी घटली. दुसऱ्या प्रकारात तेच प्रशिक्षित हात, पण तीन महिन्यांतून एकदा. काही फरक नाही. तिसऱ्या प्रकारात मुलांनी दोरा स्वतःच्या हातानं वापरला. तिथंही फरक नाही.

दोरा तोच, दात तसेच. बदलले ते हात आणि नेम. म्हणून ‘फ्लॉस उपयोगी आहे का’ हा प्रश्न अर्धाच आहे. कुणाच्या हातात आणि किती नेमानं, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि म्हणून तुमचा नंबर चौथा.

पहिला नंबर तंबाखू आणि सुपारी सोडण्याचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं आढळलं, आणि त्यांतले बहुतेक ओढणारे नाहीत, खाणारे-चघळणारे आहेत. जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, पण आमच्याकडे पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा खर्रा होताच. सुपारी, तंबाखू, चुना. त्यात छत्तीसगडची हद्द जवळ, म्हणून गुडाखू. तो तर दात घासायच्या नावाखाली तंबाखूच हिरड्यांना चोळतो. सुपारी एकटीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलं. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू पांढरी, ताठ होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. ज्याचं तोंड दोन बोटंच उघडतं, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत तुम्ही पोहोचणार कसे, फ्लॉसभाऊ? आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीत रक्त कमी येतं, म्हणून त्याला वाटतं आपल्या हिरड्या ठणठणीत आहेत. आतून हाड झिजत असतं.

पैशाचंही बोलून टाकू. तुम्ही महाग आहात अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. एका डबीत साधारण ५० मीटर दोरा, एका वेळी लागतो सुमारे ४५ सेंटीमीटर. म्हणजे डबी एका माणसाला साडेतीन महिने पुरते. दिवसाला दोन खर्रे खाणाऱ्याचा एका आठवड्याचा हिशेब मांडला तर तुम्ही स्वस्तच पडता.

दुसरा नंबर फ्लोराइडच्या पेस्टचा. तुमच्या पुराव्याशेजारी तिचा पुरावा ठेवला तर फरक कळतो. २००३ च्या कॉक्रेन आढाव्यात ७० प्रयोग, ४२ हजारांहून जास्त मुलं, आणि कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी. पेस्ट कोणत्याही कंपनीची असो, डब्यावर फ्लोराइड लिहिलेलं आहे का एवढं पाहावं. दिवसातून दोनदा, आणि त्यातलं रात्री झोपायच्या आधीचं चुकवू नये. आमच्याकडे सकाळी घसाघसा दात घासतात, खाकरत अंगण दणाणून सोडतात आणि रात्री मात्र कढी-भात खाऊन तसेच झोपतात. रात्री लाळ कमी सुटते, म्हणून तोच वेळ दातांना जास्त जड. घासून झाल्यावर फेस थुंकावा. लोटाभर पाण्यानं चुळा भरून फ्लोराइड मोरीत सोडू नये. तीन वर्षांच्या आतल्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्यावी, हे माप गोंदियाच्या माणसाला वेगळं समजवायला नको. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि त्यानं दातांवर डाग पडतात. तिथं लहान मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं.

तिसरा नंबर गोडाचा. किती खाल्लं याच्याइतकंच किती वेळा खाल्लं याला महत्त्व आहे. दिवाळीत एका बैठकीत चार करंज्या खाणाऱ्यापेक्षा दिवसभरात सहा वेळा गोड चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्कीट घेणाऱ्याच्या दातांची हालत वाईट, कारण प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निस्तरायला वेळ लागतो. अंगणवाडीतल्या पोराच्या हातात रडणं थांबवायला दिलेली चॉकलेटची पुडी हीसुद्धा याच खात्यात.

आणि मग तुम्ही. चौथा नंबर म्हणजे शेवटचा डबा नव्हे. वरच्या तिन्ही गोष्टी केल्या तरी फटीतली काई फटीतच राहते. तिथं जाणारं कुणीतरी लागतंच. पण ते दरवेळी तुम्हीच असायला हवं असंही नाही. २०१५ साली युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या महासंघानं स्पष्टच म्हटलं की जिथं जागा आहे तिथं बारीक, बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा फटीचा ब्रश वापरावा. दोरा तिथं, जिथं दात इतके लागून आहेत की ब्रश शिरत नाही. म्हणजे पंचविशीतल्या, घट्ट दातांच्या पोरीला तुम्ही. तिच्या आजीला, जिच्या हिरड्या खाली सरकून फटी उघड्या पडल्या आहेत, तिला तुमचा तो धाकटा भाऊ. मधुमेह असणाऱ्यांनी तर यातलं एक काहीतरी करायलाच हवं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

वापरायची रीत मी सोप्या शब्दांत लिहितो, कारण तुमच्या डबीवर ती मराठीत मला दिसली नाही. हातभर दोरा घ्या. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळा, मध्ये दोन-तीन सेंटीमीटर मोकळा ठेवा. अंगठा आणि पहिल्या बोटानं ताणून फटीत हलकेच सोडा. करवतीसारखा ओढला तर हिरडी कापेल. आत गेला की एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवा, हिरडीच्या किंचित आतपासून वरपर्यंत तीन-चारदा घासा. मग शेजारच्या दाताला तसंच. पुढच्या फटीला दोऱ्याचा नवा भाग. ब्रशच्या आधी करा. २०१८ साली इराणमधल्या २५ दंतविद्यार्थ्यांवर केलेल्या छोट्या प्रयोगात आधी दोरा आणि मग ब्रश असा क्रम ठेवल्यावर फटीतला थर जास्त निघाला आणि फ्लोराइडही जास्त टिकलं. ही रीत हाताला बसायला काही दिवस जातात. विड्या वळलेल्या बाईला कमी जातील.

आता माझ्या तक्रारी ऐका. पहिली, तुम्ही स्वतःला धर्मासारखं विकू देता. दोरा न वापरणारा माणूस आळशी, घाणेरडा, असा सूर दवाखान्यात लागतो आणि माणूस खोटं बोलून मोकळा होतो. ज्यानं खर्रा सोडला, त्याला आधी शाबासकी द्या, मग दोऱ्याचं विचारा. दुसरी, तुमचा तो प्लास्टिकच्या दांडीचा अवतार एकदा वापरून फेकला की नालीत जातो, आणि नाल्या आमच्याकडे आधीच तुंबलेल्या आहेत. तिसरी आणि मोठी तक्रार, तुम्ही डबीत बसून येता, पण तुमच्यासोबत शिकवणारा येत नाही. हुजोएलनं पाहिलेल्या प्रयोगांत मुलांच्या स्वतःच्या हातातल्या दोऱ्यानं कीड घटली नाही, हे विसरू नका.

आणि शिकवण्याची जबाबदारी तुमच्या एकट्यावर टाकणं बरोबर नाही, हे मलाही कळतं. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून कागदावर आहे. गोंदियात केटीएस रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तरीही आमच्या भागात अजून अर्ध्या लोकांना वाटतं की दाताची सफाई केली की दात हलायला लागतात आणि वरची दाढ काढली की नजर जाते. दोन्ही खोटं. कीटण निघाल्यावर दात हलतो असं वाटतं, कारण हाड आधीच झिजलेलं असतं आणि कीटणानं ते झाकलेलं असतं. हे सांगायला जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातून दोनदा दंतविद्यार्थी आले, आशाताईंच्या प्रशिक्षणात अर्धा तास तोंडाच्या आरोग्याला मिळाला, आणि आरसा समोर धरून प्रत्येक पोराचा हात धरून दात घासायला शिकवलं, तर तुमचा पुरावा मजबूत व्हायला कुणा परदेशी संस्थेची वाट पाहावी लागणार नाही.

तेव्हा फ्लॉसभाऊ, तुमचं स्वागत आहे, पण रांगेनं. ज्या घरात तंबाखूची पुडी बाहेर गेली, रात्री पेस्टनं दात घासले जाऊ लागले, आणि पोरांच्या हातातली चॉकलेटची पुडी कमी झाली, त्या घरात बिनधास्त या, आणि शिकवणाऱ्याला सोबत घेऊन या. बाकीच्या घरांत आधी पहिल्या तिघांना जाऊ द्या. तुम्ही मागून या. तुमची जागा आम्ही धरून ठेवू.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
कुडव्याचा एक दातवाला

ता. क. : जे कुणी आज पहिल्यांदा तुम्हाला हातात घेतील, त्यांना सांगा, पहिले काही दिवस हिरडीतून थोडं रक्त येईल. त्याला घाबरून दोरा टाकू नये. सूज उतरली की ते थांबतं. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, किंवा तोंडातला पांढरा-लाल चट्टा, जखम तेवढ्या दिवसांत भरली नाही, तर दोरा ठेवून द्यावा आणि सरळ दातांच्या डॉक्टरकडे जावं.